अवघड सुडोकू, स्वॉर्डफिशचा नाद आणि ‘दोनच जागा’

मागच्या महिन्यात एका कोड्यावर मी चार दिवस अडकून होते. हिंजवडीला जाणाऱ्या ऑफिसच्या बसमध्ये सकाळी पाऊण तास, संध्याकाळी ट्रॅफिक असेल तसा तास-सव्वा तास, असं धरलं तर सात-आठ तास तरी त्या एका कोड्यावर गेले. सोपे आकडे पहिल्याच दिवशी भरून झाले होते, जोड्या काढल्या, तिकड्या काढल्या, ८१ पैकी ४१ घरं भरली आणि उरलेल्या ४० घरांत शिसपेन्सिलीने लिहिलेल्या बारीक आकड्यांची नुसती गर्दी. आणि मी त्या गर्दीत स्वॉर्डफिश शोधत बसले होते, कारण जिथे बघाल तिथे अवघड कोड्यांच्या युक्त्यांची यादी अशीच असते ना, आधी एक्स-विंग, मग स्वॉर्डफिश, मग जेलीफिश, आणि मला वाटायचं की पायरी पायरीने जायचं असतं.

स्वॉर्डफिश मिळाला नाही. कोडं फुटलं ते वेगळ्याच गोष्टीने, आणि तेव्हापासून अवघड कोडं सोडवायची माझी पद्धतच बदललीय, म्हणून हे सगळं लिहून काढतेय. ज्यांना नेकेड पेअर, हिडन पेअर, पॉइंटिंग पेअर या जोड्यांच्या सुरुवातीच्या युक्त्या येतात आणि त्याच्या पुढे गाडी अडते त्यांना उपयोग होईल असं वाटतं.

घराचा पत्ता मी असा लिहिते, आधी रो (आडवी ओळ) मग कॉलम (उभी ओळ), म्हणजे २-३ म्हणजे दुसऱ्या रोमधलं तिसरं घर. तर त्या कोड्यात दुसऱ्या रोमध्ये ७ ला दोनच जागा होत्या, २-३ आणि २-८. सहाव्या रोमध्येपण दोनच, ६-३ आणि ६-९. हे माझ्या डोळ्याखालून चार दिवसांत वीसेक वेळा तरी गेलं असेल, आणि दर वेळी ‘तिसरा कॉलम जुळतोय पण ८ आणि ९ जुळत नाहीत, एक्स-विंग होत नाही’ असं म्हणून मी पुढे गेले. एक्स-विंगला काय लागतं, दोन रोमध्ये एका आकड्याला दोनच जागा आणि त्या दोन्ही रोमध्ये कॉलम तेच. सहाव्या रोमधला दुसरा ७ जर ६-८ ला असता तर झाला असता, मग तिसऱ्या आणि आठव्या कॉलममधले बाकी सगळे ७ उडाले असते. इथे एका घराने हुकला.

पण हुकला म्हणून वाया गेला असं नाही. बघा, २-८ मध्ये ७ नसेल तर दुसऱ्या रोमधला ७ हा २-३ मध्ये जाणार. तिसऱ्या कॉलममध्ये ७ आला म्हणजे ६-३ मध्ये येऊ शकत नाही. मग सहाव्या रोमधला ७ कुठे जाणार, ६-९ मध्येच. म्हणजे २-८ आणि ६-९ या दोघांपैकी एकात तरी ७ आहेच आहे. कोणत्या ते कळलं नाही तरी चालतं. ज्या घराला ही दोन्ही घरं दिसतात तिथे ७ येऊ शकत नाही. ५-८ हे घर आठव्या कॉलममध्ये आहे म्हणून त्याला २-८ दिसतं, आणि ६-९ च्याच बॉक्समध्ये आहे म्हणून तेही दिसतं. त्या ५-८ मध्ये माझ्याकडे ४ आणि ७ लिहिलेले होते. ७ खोडला, ४ राहिला, आणि त्या ४ ने तो बॉक्स असा सरसर सुटत गेला की बस वाकडच्या पुलावर होती ते हिंजवडीच्या पहिल्या सिग्नलला पोचेपर्यंत अकरा घरं भरली.

याला स्कायस्क्रेपर म्हणतात. हाच प्रकार दोन कॉलममध्ये आला की दोन बिल्डिंगा उभ्या असल्यासारख्या दिसतात, पाया एका रेषेत आणि गच्च्या खालीवर, त्यावरून नाव पडलं असणार. बऱ्याच याद्यांमध्ये हा स्वॉर्डफिशच्या नंतर दिलेला असतो, आणि ते मला आता अजिबात पटत नाही. युक्ती समजायला किती अवघड त्यावर या याद्या केलेल्या असतात, आणि आपल्याला कागद हातात घेऊन बसल्यावर लागतं ते वेगळं, की ती सापडायला किती अवघड. स्वॉर्डफिश समजायला सोपा आहे हो, एक्स-विंगचंच मोठं रूप, तीन रो आणि तेच तीन कॉलम. पण सापडायला महाकठीण, कारण तिन्ही रोमध्ये तीन-तीन जागा असायलाच पाहिजेत असंही नाही, कुठे दोन असतात कुठे तीन, आणि डोळ्याला कुठलाच आकार दिसत नाही.

स्वॉर्डफिशबद्दल अजून एक गोष्ट मला फार उशिरा कळली आणि ती कळल्यावर माझा कितीतरी वेळ वाचायला लागला. समजा एखादा आकडा कोड्यात चार ठिकाणी भरून झालाय, म्हणजे तो अजून पाच रोमध्ये आणि पाच कॉलममध्ये यायचाय. त्या पाचपैकी तीन रोमध्ये स्वॉर्डफिश असेल, म्हणजे त्या तीन रोमधल्या सगळ्या जागा तीनच कॉलममध्ये असतील, तर राहिलेल्या दोन कॉलमना त्या रोमधून काहीच मिळत नाही, त्यांचा आकडा राहिलेल्या दोन रोमध्येच बसणार. दोन कॉलम, दोन रो. म्हणजे कॉलमच्या बाजूने बघितलं तर तो चक्क एक्स-विंग आहे, आणि उडणारे आकडेपण तेच! मग कशाला तीन रो जुळवत बसायचं. याचा अर्थ असा की आकडा चार किंवा जास्त ठिकाणी भरलेला असेल तर त्याचा स्वॉर्डफिश शोधूच नका, रोमधून आणि कॉलममधून दोन्हीकडून एक्स-विंग बघा, बास. आकडा तीन किंवा कमी ठिकाणी भरलाय तरच स्वॉर्डफिशला हात घालायचा. जेलीफिश, म्हणजे चार रो आणि तेच चार कॉलम, तो तर आकडा फार तर एका ठिकाणी भरलेला असेल तेव्हाच खरा लागतो, नाहीतर त्याचीपण दुसऱ्या बाजूने छोटी आवृत्ती निघतेच. मला आजवर एकही जेलीफिश असा भेटलेला नाही ज्याच्यावाचून अडलं.

स्कायस्क्रेपरमध्ये मुद्दा आहे तो ‘दोनच जागा’ हा. एखाद्या रोमध्ये, कॉलममध्ये किंवा बॉक्समध्ये आकड्याला दोनच जागा उरल्या की इथे नाही तर तिथे, हे पक्कं. इंग्रजीत स्ट्राँग लिंक म्हणतात, आमच्या घरी ‘दोनच जागा’ म्हणतात. हे एक हातात आलं की पाच-सहा युक्त्या वेगवेगळ्या पाठ करायची गरजच राहत नाही. दोन रोमधल्या दोन-दोन जागा आणि एकेक टोक एकाच कॉलममध्ये, झाला स्कायस्क्रेपर. एक रो, एक कॉलम आणि दोघांचं एकेक टोक एकाच बॉक्समध्ये, झाला टू-स्ट्रिंग काइट, तिथे उरलेल्या दोन टोकांपैकी एक खरं, आणि ती दोन टोकं जिथे एकमेकांना काटकोनात भेटतात त्या घरातून आकडा उडतो. हीच साखळी लांबवत नेली की एक्स-चेन. एकाच आकड्याच्या अशा सगळ्या जोड्या दोन रंगांनी रंगवल्या की सिंपल कलरिंग, आणि एकाच रंगाची दोन घरं एकाच रोमध्ये आली की तो अख्खा रंग खोटा. मी बसमध्ये रंग वापरत नाही, एका टोकाला टिंब आणि दुसऱ्याला छोटी फुली, तेवढ्यावर भागतं.

आता दुसरं घराणं, विंगवाल्यांचं. एक्सवाय-विंगला आकड्याच्या दोन जागा बघायच्या नसतात, घरातले दोन आकडे बघायचे असतात. त्याच कोड्यात पुढे मला हा मिळाला. २-२ मध्ये ३ किंवा ८. त्याच रोमध्ये २-७ ला ३ किंवा ५. त्याच कॉलममध्ये ८-२ ला ८ किंवा ५. आता २-२ मध्ये ३ आला तर २-७ मध्ये ५, आणि ८ आला तर ८-२ मध्ये ५. काहीही झालं तरी दोघांपैकी एकात ५ येतोय, म्हणून दोघांना दिसणारं ८-७ हे घर, त्यातला ५ गेला. हा मला सगळ्यात आवडतो, का तर कारण तोंडाने सांगता येतं. शेजारी बसलेल्या माणसाला एका वाक्यात पटवता येतं.

डब्ल्यू-विंग त्याचा चुलतभाऊ. ३-२ मध्ये २ आणि ९, ८-७ मध्येही तेच २ आणि ९, दोघं एकमेकांना दिसत नाहीत. पण पाचव्या रोमध्ये २ ला दोनच जागा आहेत, ५-२ आणि ५-७. मग ३-२ आणि ८-७ दोन्हीकडे २ आला तर पाचव्या रोमधल्या दोन्ही जागा मारल्या जातात आणि त्या रोला २ च राहत नाही. म्हणून दोघांपैकी एक तरी ९. ३-७ आणि ८-२ मधून ९ काढून टाका. अवघड पातळीच्या कोड्यांत हा जितक्यांदा सापडतो तितकं त्याचं नाव कुणी घेत नाही, याचं मला नवल वाटतं. मी तर सारखे दोन आकडे असलेली, एकमेकांना न दिसणारी घरं दिसली की लगेच मधला दुवा शोधायला लागते.

पण विंग दिसायला हवी असेल तर सगळ्या घरांत सगळ्या शक्यता लिहिलेल्या पाहिजेत, आणि इथे खरी निवड करावी लागते. थॉमस स्नायडर माहीत असेल, अमेरिकन, तीन वेळा जागतिक विजेता. त्यातलं २००८ चं विजेतेपद त्याने आपल्या गोव्यात मिळवलं, त्या वर्षीची वर्ल्ड सुडोकू चॅम्पियनशिप गोव्यात झाली होती. त्याच्या नावाने एक टिपणपद्धत आहे, स्नायडर नोटेशन, तिचा नियम एकच, बॉक्समध्ये आकड्याला दोनच जागा असतील तरच त्या दोन घरांच्या कोपऱ्यात तो आकडा लिहायचा, तीन जागा असतील तर काहीच लिहायचं नाही. म्हणजे कागदावर जे काही लिहिलेलं आहे ते सगळं ‘दोनच जागा’! त्यामुळे बॉक्समधल्या जोड्या पटापट दिसतात आणि कागद स्वच्छ राहतो. उलट एक्सवाय-विंग त्यात दिसणारच नाही, कारण घरात नेमके दोनच आकडे उरलेत हे तिथे कुठे लिहिलेलंच नसतं.

मी आधी सुरुवातीपासूनच सगळ्या शक्यता लिहून काढायचे, वीस-पंचवीस मिनिटं त्यातच जायची आणि नुसतं लिहून डोळे थकायचे, शिवाय एक आकडा लिहायचा राहिला की पुढचं सगळं चुकलं. आता आधी स्नायडर पद्धत, अडलं की प्रत्येक आकड्यासाठी दोन-जागावाल्या रो आणि कॉलम बघून स्कायस्क्रेपर-काइट, आणि तरीही अडलं की मग पूर्ण शक्यता लिहायच्या आणि विंगा शोधायच्या. तोपर्यंत निम्म्याच्या वर कोडं भरलेलं असतं, त्यामुळे लिहायलाही थोडंच राहतं.

यानंतर येतो भांडणाचा विषय, युनिक रेक्टँगल. माझी आणि मिरजेच्या आत्याची यावरून खरोखर वादावादी झालेली आहे. आत्याने आयुष्यभर हिशेबाच्या खात्यात नोकरी केली, रिटायर झाल्यापासून रोज दोन कोडी, शिसपेन्सिल आणि खोडरबर, तुक्का अजिबात नाही. युनिक रेक्टँगलचं म्हणणं असं, दोन रो, दोन कॉलम, दोन बॉक्स यांत मिळून चार कोपरे, चारही कोपऱ्यांत फक्त १ आणि ६ उरले तर ते आपापसात अदलाबदल करूनही बसतात, म्हणजे दोन उत्तरं झाली. चांगल्या सुडोकूला उत्तर एकच असतं. म्हणून तीन कोपऱ्यांत १-६ आणि चौथ्यात १-६-९ असेल तर चौथ्यात ९ च. सापडायला अतिशय सोपी, एका फटक्यात घर भरतं, घड्याळ लावून सोडवणारे बरेच जण वापरतात.

आत्याचं म्हणणं, ‘अगं, उत्तर एकच आहे हे तू सिद्ध करायचंस की धरून चालायचंस? छापणाऱ्याने चूक केली असेल तर?’ मी म्हणायचे, ‘आत्या, असं कोण चुकतं?’

दिवाळीत मिरजेला गेले होते तेव्हा एका पेपरच्या पुरवणीतलं कोडं आम्ही दोघी वेगवेगळ्या कागदावर उतरवून सोडवत होतो. मला नेमकं हेच मिळालं, ४-२, ४-९ आणि ५-२ मध्ये १-६, आणि ५-९ मध्ये १-६-९. मी खुशीत ५-९ मध्ये ९ लिहिला. वीस मिनिटांनी नवव्या बॉक्समध्ये दोन ४ आले. खोडलं, परत केलं, परत तेच. तिसऱ्यांदा केलं, तरी तेच. आत्या तिकडे त्या चार कोपऱ्यांपाशी येऊन थांबली होती, बाकी सगळं तिचं भरून झालेलं, आणि ती पेपर उलटा धरून बघत होती. मला वाटलं चष्म्याचं काहीतरी असेल. तर म्हणाली, ‘इकडे ये. हे बघ, कोड्यातले दिलेले आकडे कसे मांडलेत बघ, पान उलटं केलं तरी भरलेल्या घरांची नक्षी तीच दिसायला पाहिजे. ६-८ ला आकडा दिलाय, मग त्याच्या समोरच्या ४-२ ला का नाही? इथला आकडा छापायचा राहिलाय.’

आणि तसंच होतं. जपानच्या निकोली या कोडी छापणाऱ्या कंपनीने १९८६ पासून दोन नियम घातले होते, दिलेले आकडे ३२ पेक्षा जास्त नकोत आणि ते सममित मांडलेले हवेत, त्याची सवय इतकी रुजलीय की अजूनही पेपरातली बरीचशी कोडी तशीच असतात. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं त्यात ४-२ ला १ होता आणि बाकी अख्खं कोडं आत्याने भरलं होतं तसंच. तो १ छापलेला असता तर ४-२ हा कोपरा मोकळा राहिलाच नसता आणि माझा रेक्टँगल झालाच नसता. छापायचा राहिला नेमका त्या चारातला एक. कोड्याला खरोखरच दोन उत्तरं झाली होती, आणि माझी युक्ती ‘दोन उत्तरं असूच शकत नाहीत’ यावर उभी होती.

मी अजूनही युनिक रेक्टँगल वापरते, खात्रीच्या ॲपमध्ये किंवा पुस्तकात, जिथे कोडं कॉम्प्युटरने तपासलेलं असतं तिथे. पेपरात नाही. आणि बग प्लस वनचंही तसंच, म्हणजे सगळ्या उरलेल्या घरांत दोन-दोन आकडे आणि एकाच घरात तीन, तर त्या तीनपैकी जो आकडा त्याच्या रो, कॉलम, बॉक्समध्ये तीन-तीन वेळा येतो तोच उत्तर. दिसायला फार देखणं, पण पाया तोच, उत्तर एकच आहे हे गृहीत धरलेलं. मात्र एक सांगते, आत्याच्या पद्धतीने सोडवलेलं कोडं पूर्ण झालं की दोन गोष्टी कळतात, उत्तर काय आहे आणि ते एकच आहे. माझ्या पद्धतीने पहिलीच कळते. हे तिचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे.

आणि जिथे यातलं काहीच चालत नाही अशीही कोडी आहेत. फिनलंडचे आर्टो इंकाला, गणितज्ञ, त्यांनी २०१२ मध्ये दिलेलं कोडं ‘जगातलं सगळ्यात अवघड सुडोकू’ म्हणून पेपरांत गाजलं होतं, पहिल्या रोमध्ये फक्त पहिल्या घरात ८, बाकी रो रिकामी, सगळे मिळून २१ आकडे. मी ते दोनदा करायला घेतलं. स्कायस्क्रेपर नाही, विंग नाही, काही नाही. तिथे फोर्सिंग चेन लागतात, म्हणजे एका घरातल्या प्रत्येक शक्यतेचा माग काढत जायचं आणि सगळे रस्ते एकाच निष्कर्षाला येतात का ते बघायचं. हे अंदाजपंचे नाही, तर्कच आहे, पण रस्ते इतके लांब की कागदावर ठेवता येत नाहीत, आणि मला त्यात गंमत वाटली नाही. कमी आकडे म्हणजे अवघड असंही नाही बरं का. १७ पेक्षा कमी आकड्यांत एकच उत्तर असलेलं सुडोकू होत नाही हे डब्लिनच्या गॅरी मॅकग्वायर यांच्या टीमने २०१२ मध्ये कॉम्प्युटरवर सगळं पालथं घालून दाखवलं, पण १७ आकड्यांची कितीतरी कोडी साध्या युक्त्यांनी सुटतात, आणि इंकालांचं २१ वालं सुटत नाही.

तर माझा क्रम सध्या असा आहे: स्नायडर पद्धत, दोनच जागा, दोन्ही बाजूंनी एक्स-विंग, मग पूर्ण शक्यता लिहून एक्सवाय आणि डब्ल्यू-विंग, आणि स्वॉर्डफिश अगदी शेवटी, तोसुद्धा तीन किंवा कमी वेळा भरलेल्या आकड्यांसाठीच.

ते चार दिवसांचं कोडं मी चौकटीच्या वहीत परत उतरवून, फोटो काढून आत्याला पाठवलं होतं, काही न सांगता. परवा रात्री साडेनऊला तिचा फोन आला, हॅलो नाही की काही नाही, ‘अगं, सातचं बघितलंस का? दुसऱ्या रोमध्ये दोनच जागा आहेत त्याला.’